कडुनिंबाखालची पांढरी गाडी

वीरण्णाची पांढरी गाडी कडुनिंबाखाली दिसली की विद्यापीठ उघडलं, असं लोक धरून चालत. सगळ्यांच्या आधी येणारा, गाडी सावलीला लावणारा, कुणाची वाट न अडवणारा माणूस. त्यामुळं आवारातल्या पार्किंगचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करायचा हुकूम आला, तेव्हा जागा-इमारती बघणाऱ्या इस्टेट विभागातल्या सगळ्यांची बोटं त्यांच्यातल्या या कारकुनाकडंच वळली. गाड्यांतलं कळणारा माणूस म्हणजे वीरण्णा.

गाड्यांतलं त्याला कितपत कळतं, हे तेवढं वीरण्णालाच ठाऊक होतं. त्याला गाडी रिव्हर्स घेता येत नव्हती.

गाडी त्यानं पन्नाशीला टेकल्यावर मेहुण्याकडून घेतली होती. शिकवणाऱ्यानं पुढं जायला शिकवलं, मागं यायचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला, आणि तो आठवडा उजाडायच्या आत पोटामागं पुण्याला निघून गेला. लायसन्स कसं मिळालं, हे वीरण्णा स्वतःलासुद्धा विचारत नसे. तो वाढला निंबर्ग्याच्या रानात, बैलगाडी हाकत. बैलगाडी कुणी मागं घेत नाही. बांधापर्यंत जायचं, ऐसपैस वळसा मारायचा, गाडीचं तोंड रस्त्याकडं करायचं, मग बैल सोडायचे. तीच रीत त्यानं चार चाकांना लावली. कडुनिंबाखालची जागा दोन्ही अंगांनी मोकळी होती. सकाळी इकडून आत, संध्याकाळी तिकडून बाहेर. पुढं कुणी स्कूटर आडवी लावलीच, तर तिचा मालक जाईपर्यंत तो फायली उपसत बसून राही. या उशिरापर्यंत बसण्यापायी एका वर्षी त्याला कर्तव्यदक्ष कर्मचारी म्हणून शाल मिळाली. ती अंगावर पडताना त्याला भर थंडीत घाम फुटला होता.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा मुलूख शेतात जेवायला लोटतो. ज्याच्याकडं गाडी तो गाडीनं जातो. वीरण्णा मात्र आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन बसनं जाई. शेताची वाट अरुंद, दोन्हीकडं बांध; आत गेलेली गाडी मागंच काढावी लागायची. बायकोला, नागरत्नाला, त्यानं सांगून ठेवलं होतं की निघालेली गाडी मागं घेणं अपशकुनाचं असतं.

"लिंगायत शरणांच्या घरात शकुन कवापासून बघायलाव?" एवढं विचारून ती बसमध्ये चढली होती.

तर अशा माणसानं आराखडा काढला. फार देखणा काढला. प्रत्येक गाडी एका बाजूनं आत शिरणार, समोरच्या बाजूनं बाहेर पडणार. पंचवीस वर्षं त्या आवारात कुणालाही गाडी मागं घ्यावी लागणार नव्हती. खाली कारणं लिहिली: अपघात टळतील, पेट्रोल वाचेल, परीक्षेच्या दिवशी कोंडी होणार नाही. वाचता वाचता त्याला स्वतःलाच ती पटली. एकट्याची अडचण सगळ्यांचं धोरण म्हणून मांडली की किती शहाणी दिसते, याचं त्याला नवल वाटलं.

बैठका तिथं कानडीत सुरू होत आणि चहा आला की मराठीवर उतरत. विभागाचे प्रमुख अण्णारावसाहेब खूश होते. स्थापत्य शिकवणाऱ्या रूपाली मॅडमही खूश होत्या, पण त्या टेप घेऊन जागा मोजून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की आत जायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी म्हटल्यावर रुंदी वाढते, आणि ती दुसरी वाट नेमकी कडुनिंबावरून जाते. झाड काढावं लागेल. साहेब म्हणाले, पंचवीस वर्षांच्या कामात एका झाडाचं काय घेऊन बसायचं. त्यांनी सहीसाठी पेन वीरण्णापुढं सरकवलं.

वीरण्णानं खिडकीतून बघितलं. उन्हाळ्यात तो सगळा माळ तव्यासारखा तापतो. तेवढ्याच एका सावलीला पोरी डबे खायला बसत, रखवालदार पाणी प्यायला टेकत, आणि त्याची गाडी तोंड बाहेर करून उभी असे. झाडाच्या बाजूनंही त्याला भराभर कारणं सुचली. कारणं सुचण्यात तो आता तरबेज झाला होता. पण प्रत्येक कारणाला उत्तर एकच येणार होतं: मग लोकांना घेऊ द्या की गाड्या मागं, सगळीकडं घेतात तशा.

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"झाड ऱ्हाऊ द्या, साहेब. सरळ रांगा आखा. हे सगळं मी माझ्यापायी केलंय. मला रिव्हर्स येत न्हाई."

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे रोज संध्याकाळी तुमी फायली..."

"स्कूटर निघायची वाट बघायचो."

"अवो, शाल दिलाव की आमी तुमाला!"

पहिल्यांदा रूपाली मॅडम हसल्या, तेही नकाशा तोंडापुढं धरून. मग कुणालाच आवरेना. झाड वाचलं, रांगा सरळ ठरल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून विभागातला जो तो वीरण्णाच्या टेबलापासून उलटा, मागं मागं चालत जाऊ लागला.

घरी त्यानं नागरत्नाला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"अपशकुन म्हणलाव तवाच कळलं होतं मला. लग्नापासून एका गोष्टीत मागं सरला न्हाईत, गाडी कशी सरकंल?"

पण रविवारी ती रिकाम्या मैदानावर गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि बैलांना चुचकारावं तसं त्याला चुचकारत राहिली. त्या वर्षी येळवशीला मडकं गाडीतून गेलं. परतताना शेतातली माणसं जेवण अर्धं टाकून बांधावर उभी राहिली, आणि वीरण्णा मान मोडेपर्यंत मागं बघत मुख्य रस्त्याला लागला.

पुढं आवारात पांढरे पट्टे ओढले गेले. कडुनिंबाखालची रांग शिक्षकांच्या वाट्याला आली. तिथं आता रूपाली मॅडमची गाडी असते. वीरण्णाची जागा मागं, रखरखीत उन्हात. झाड राहिलं तरी सावली कुणाकडं जाईल, हे काही पंचवीस वर्षांचं बघणाऱ्या या माणसाला सुचलं नव्हतं. तो गाडी मागं घेतो, उतरून बघतो, पुन्हा बसतो, पुन्हा घेतो. संध्याकाळी तापलेल्या स्टेअरिंगवर टॉवेल टाकतो आणि सगळ्यांबरोबर वेळेवर घरी जातो. आता काही त्याला शाल मिळायची नाही.