चादरीवरचा दवाखाना

गिदोन मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. मोडलेला पाय दोरीनं टांगायचा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधायची, हे त्याचं खास काम. पिशवीचं वजन तो नुसत्या हातानं सांगे. बोलण्याचं मात्र नाव नको! दिवसाकाठी चार शब्द, तेही डॉक्टरांनी विचारलं तर.

बोलायला त्याची बायको होती. लिडिया, बायकांच्या वॉर्डातली आया. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दिवेलागणीला खाटा व्हरांड्यात ढकलून, वॉर्डातलीच धुतलेली चादर बांधून गिदोन सिनेमा दाखवी. रीळ एकच, कुणा गोऱ्या डॉक्टरानं मागं ठेवलेलं, तेही मुकं. एक जाड्या दवाखान्यात पाय टांगून पडलाय. त्याला भेटायला एक काडीपैलवान येतो आणि आपला ओला कोट नेमका वजनाच्या पिशवीवर अडकवतो. जाड्या वर! पुढं डॉक्टर बँडेजात गुंडाळला जातो, नर्स साबणावरून घसरते. लिडिया चादरीशेजारी उभी राहून हे सगळं मराठीत सांगायची. जाड्याला तिनं आबासाहेब केलं होतं, काडीपैलवानाला बन्सी. ज्यांचे पाय खरेच टांगलेले, ते आपापली दोरी दोन्ही हातांनी धरून हसायचे. शेवटी जाड्या बरा होऊन गाडीत बसला, की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "झालं बरं. चला, आता घरी चला."

एकोणसत्तर साली लिडिया काविळीनं गेली. त्याच दवाखान्यात, चार नंबरच्या खाटेवर. नऊ दिवस गिदोन उशाशी बसला होता. तेच वाक्य तिला म्हणावं असं रोज ओठांवर यायचं, पण चार माणसांत या बहाद्दराची जीभ काही उचलली नाही. ती गेली आणि त्यानं सिनेमाच्या मशीनचा पट्टा काढून आपल्या पेटीत टाकला. मशीन बिघडलं, असं सगळ्यांना सांगितलं.

तीन वर्षांनी देवळाली प्रवऱ्याच्या बनुबाई उसाच्या गाडीवरून पडून आल्या. पूर्वी दुसरा पाय मोडला तेव्हाही त्या इथंच होत्या.

"आरं गिदोन, सिनेमा कवा हाय?"

"मशीन बिघडलंय."

"आन् ती बोलनारी बाई?"

गिदोन पिशवीची गाठ पुन्हा सोडून बांधत राहिला. "न्हाई ती आता," म्हणाला.

बनुबाईंनी एकदा व्हरांड्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तिचं समदं पाठ हाय मला. नातवंडांस्नी लईदा सांगितलंय. तू मशीन नीट करून लाव. मी बोलते."

त्या रात्री गिदोनला झोप आली नाही. लिडियाचे बोल पुन्हा ऐकायची हावही होती आणि धास्तीही. शनिवारी त्यानं पट्टा चढवला.

"आला बगा बन्सी! आरं मुडद्या, कोट कुटं आडकवतूस?"

शब्द लिडियाचे, 'मुडद्या'ला दिलेला हेलसुद्धा तिचाच. व्हरांडा हसून बेजार झाला. गिदोन मशीनमागच्या अंधारात डोळे पुसत होता आणि मनात म्हणत होता, संपू नको, एवढ्यात संपू नको.

जाड्या गाडीकडे निघाला आणि बनुबाई थांबल्या. "फुडचं मला ठावं न्हाई. तवा मला पट्टी बदलाया आत नेलं हुतं. तूच सांग."

सगळ्यांच्या माना गिदोनकडे वळल्या. त्यानं मात्र उघड्या दारातून आत, चार नंबरच्या खाटेकडे पाहिलं.

"झालं बरं," तो म्हणाला. "चल लिडिया, आता घरी चल."