रोग राखणाऱ्या बाई

निरोगी पान दिसलं की आमच्या बाई चिडायच्या. रायपूरच्या ज्या धान संशोधन केंद्रात मी त्यांच्या हाताखाली शिकले, तिथे बाकीचे सगळे रोग घालवायच्या मागे असत. बाई तो मुद्दाम लावायच्या. संध्याकाळी करप्याच्या बुरशीचं पाणी रोपांवर फवारायचं आणि मग रोज सकाळी डाग शोधत बांधावर उकिडवं बसायचं. डाग सापडला की त्या दिवशी आम्हाला त्यांच्याकडून चहा मिळे.

"धान बिचारं नसते," त्या म्हणायच्या, "बुरशी आत घुसली का ते भांडते." रोगाची चाहूल लागताच रोप खास प्रथिनं तयार करतं आणि त्यांतली काही थेट बुरशीच्या पेशींची भिंत पोखरतात. अभनपूरकडच्या एका जुन्या वाणात ती फार लवकर तयार होतात, असा बाईंचा दावा होता. तो सिद्ध झाला असता तर नव्या वाणांत हा गुण आणता आला असता, औषधांचे डबे कमी लागले असते. वरचे साहेब मात्र पुरावा मागत होते आणि त्या खरिपानंतर बाई निवृत्त होणार होत्या.

डाग छान आले. सुट्टी संपवून सोमवारी प्रथिनं तपासण्यासाठी पानं तोडायला गेलो, तर वाफ्यात औषधाचा उग्र वास! शेत सांभाळणारे साहू भैया हसतमुखाने उभे. मोठे पाहुणे येणार म्हणून त्यांनी डागाळलेली पानं खुडली होती आणि उरलेल्यांवर बुरशीनाशक मारलं होतं. "मैडम का खेत बीमार दिखता, तो अच्छा लगता क्या?" वाफ्यावर फवारणी करू नये अशी पाटी होती. तीही पाहुण्यांसाठीच रंगवायला नेली होती.

पाहुणे आलेच नाहीत. मी भैयांना वाट्टेल ते बोलले. बाई म्हणाल्या, "काहून वरडून राहिली त्याच्यावर? त्यानं आपल्यासाठीच केलं." मग वाफ्याकडे पाहत, "आता हे धान लढून नाही राहिलं. औषध लढून राहिलं."

त्यांचा हा समजूतदारपणा मला आजही पचत नाही. एवढी मेहनत मातीत गेली आणि या शांत! शाल-श्रीफळ घेऊन त्या नागपूरला लेकीकडे गेल्या. जाताना त्या वाणाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "पेर, अन् आजारी पाड."

यंदा जमलं. सुट्टीच्या दिवशीही मी वाफा राखत बसले. बाईंचं म्हणणं खरं निघालं. बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"भैयाले दाखवलं?"

"नाही."

"दाखव, पोट्टे. त्याले नाही समजलं, तं मले समजून काय उपयोग?"

धुसफुसतच गेले. डागाळलेलं पान भैयांच्या हातात दिलं, रोप कसं भांडतं ते सगळं सांगितलं. ते मन लावून "हव, हव" म्हणत होते. मग पान उन्हाकडे धरून त्यांनी काळजीने विचारलं,

"लड़ तो रहा है बेचारा. पर मैडम, दवाई कब मारना है?"