प्रज्ञाचे पैंजण

"तुमच्या मुलीला डिप्रेशन आहे, ताई," वाशिमच्या दवाखान्यातले मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले. डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार, चार दिवसांची उदासी नव्हे. मी पडले फटकळ. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, खाऊनपिऊन सुखी पोरीले कायचं आलं डिप्रेशन?"

ते रागावले नाहीत. झोप, जेवण, मैत्रिणी, सारं विचारलं. सोळा वर्षांची माझी प्रज्ञा अकरावीत नापास झाली होती, हे मला ठाऊक होतं; तेव्हापासून उदास दिसे, म्हणूनच दाखवायला आणली होती. वर्गाच्या ग्रुपवर पोरं तिची टिंगल करतात, हे तिथंच कळलं. माझा भाऊ आत्महत्येनं गेला, तेही त्यांनी काढून घेतलं. घरात असं घडलेलं असलं की जास्त जपावं लागतं म्हणे. मग विचारलं, "एवढ्यात तिनं आवडत्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या का?"



दिल्या होत्या ना! पावसाळ्याचा वर्षावास, म्हणजे बौद्धांचे धम्म ऐकायचे तीन महिने, चालू होता. आमच्या रिठदच्या विहारात रोज ग्रंथवाचन, दानाचं महत्त्व. पोरीनं स्वेटर शेजारणीच्या मुलीला दिलं, अन् माझ्या आईनं घडवलेले पैंजण मामेबहिणीला, रियाला. मी विहारात मिरवलं, "पाहा, माही पोरगी दान शिकली!" बाया म्हणाल्या, "लेकरू असावं तं असं." ती निरोप घेऊन राह्यली होती अन् मी कौतुक करून राह्यली होती.

डॉक्टर म्हणाले, "मरायचे विचार येतात का, तिला सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, उलट मन मोकळं होतं. एकटी सोडू नका, घरात घातक काही हाताशी ठेवू नका."

बाहेरच्या बाकड्यावर मी विचारलं.

"येतात, आई," ती म्हणाली. "तुले सांगू कशी? तू तं खुश होती."

मी तिला धरून भर दवाखान्यात रडले. लोक पाहत होते, पाहू दे.

मग गोळ्या, अन् काउन्सेलिंग, म्हणजे जाणत्या माणसापाशी मन मोकळं करणं. कधी बरं, कधी पुन्हा उशीत तोंड. बायांनो, लेकरू एकाएकी उदार झालं तर माझ्यासारखं मिरवू नका. जवळ बसा, विचारा, दवाखान्यात न्या.

थंडी पडली तेव्हा एक दिवस प्रज्ञा म्हणाली, "आई, रियाकडून माहे पैंजण आणू? मले पाहिजेत."

दिलेलं दान परत घेऊ नये, असं मीच विहारात सांगत आले. पण तिच्या आधी चपला घालून मीच दारात उभी होते.