कमानीवरची काच

आमच्या गावातलं चर्च निजामाच्या काळातलं. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी स्वतःच्या उपासनेसाठी बांधून घेतलेलं. पंथ त्यांचा, अँग्लिकन; पण दगड इथलाच काळा आणि गवंडीही इथलेच. टोकदार कमानी, वर सागवानी छप्पर, आणि सगळं बांधकाम चुन्यात. चुन्याच्या भिंतीत मुरलेलं पाणी उन्हाळ्यात आपोआप उडून जातं. आमच्या मंडळींनी मात्र मजबुतीच्या नावाखाली भिंतींना सिमेंट थापलं. पाणी आतच कोंडलं, चुना भुसभुशीत झाला आणि वेदीपुढच्या मोठ्या कमानीला भेग पडली. चर्चच्या बाबतीत म्हणू नये, पण करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

याच कमानीखाली माझ्या आईचं लग्न लागलं, माझंही लागलं. लेकीचंही इथंच लागावं, हे मी तिला उठता-बसता ऐकवत आले होते. लग्नाला महिना उरला आणि ही भेग. 

माझा भाचा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकवतो. त्यानं येऊन भेगेवर, हात पोचेल इतक्या उंचीवर, आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. म्हणाला, "मावशी, भेग हलली की काच तडकणार. तडकली तर आत कुणाला जाऊ देऊ नको. कमान काय सांगून पडणार न्हाई."

झालं. सकाळी चहा टाकायच्या आधी चर्च, संध्याकाळी पुन्हा चर्च. रस्त्यानं डाळ मिलचा ट्रक गेला की हातातलं टाकून पुन्हा चर्च. नवरा म्हणायचा, "बघून बघून तूच तडकवशील ती." पाळकसाहेब प्रार्थना करायचे, तेव्हा मी डोळे उघडे ठेवून काचेकडं बघायचे. लेक साडीचं विचारायला आली तरी तिच्यावर खेकसायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बाया बाकं पुसत होत्या. काच अखंड होती. देवाचे आभार मानून मी हात लावला, तर बोटाला ओलं सिमेंट लागलं. भाच्यानं काच लावून महिना झाला होता. कुणीतरी तडकलेली काढून नवी बसवली होती. 

बायांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि तरातरा घरी आले. आल्या आल्या नवऱ्याला धारेवर धरलं. "काच बदलून एवढी माणसं त्या कमानीखाली बसवायला निघालात? लाज न्हाई वाटत?" 

"आई, बाबाला बोलू नको," मागून लेक म्हणाली. "मी बदलली."

माझा हात उठलाच होता. "अगं, सगळ्यात आधी तूच उभी राहणार होतीस तिथं."

"माहीत हाय. सकाळी तू बघून आल्यावर मी गेले, तर तडकलेली दिसली. मला लग्न कुठंबी चाललं असतं गं. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

मी तशीच पाळकसाहेबांकडं गेले आणि काच तडकल्याचं सांगितलं.  संध्याकाळी चर्चला कुलूप लागलं आणि अंगणात मांडव पडायला लागला. मांडववाल्यानं मला विचारलं, स्टेज कुठल्या बाजूला करायचं. मी म्हटलं, नवरीला विचारा.