बाबांचं टॉनिक

टॉनिक वॉटरच्या बाटलीचं झाकण फिरवताना फुस्स आवाज झाला, की मला आमच्या एडिसनच्या जुन्या घरातली दुपार आठवते. बाबा नागपूरहून पहिल्यांदाच इकडे परदेशात आले होते आणि आल्यापासून एकच पालुपद चालू होतं, अंगात त्राण नाही, खाल्लेलं पचत नाही, लिव्हर मंद झालंय. डॉक्टरांनी तपासून सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, तरी ते म्हणायचे, “मला फक्त एखादं टॉनिक आणून द्या.” त्यांच्या मनात होतं ते जेवणानंतर घ्यायचं काळपट, कडू आसव. इथेच जन्मलेल्या माझ्या लेकीनं मात्र ‘टॉनिक’ एवढंच ऐकलं आणि आईबरोबर दुकानात जाऊन टॉनिक वॉटर उचलून आणलं. “आजोबा, युअर मेडिसिन!” म्हणत तिनं ते खोकल्याच्या औषधाच्या मापात ओतलं आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “कडू आहे. म्हणजे लागू पडणार.” आणि पडलंही! हळूहळू ते पोळी मागून घेऊ लागले, तिच्याबरोबर फिरायला जाऊ लागले. परतीच्या बॅगा भरताना मला राहवेना. “बाबा, ते औषध नव्हतं, लोक दारूत घालतात तो सोडा होता.” ते हसले. “पहिल्याच घोटाला कळलं होतं रे. पण माप रिकामं होईपर्यंत पोरगी जवळून उठायची नाही.” लेक आता नोकरीसाठी सिॲटलला असते. काल जेवण अंगावर आलं म्हणून मीही ते मापात ओतून घेतलं. नुसतंच कडू लागलं.