पापाकुऱ्याचं बंड

माझ्या बायकोच्या काकांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या न्यूझीलंडात सापडायचा नाही. इथे जो तो 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे सगळं झकास, म्हणत निवांत, आणि हे अवोन्डेलच्या घरात जँडल्स नावाच्या रबरी चपला फटफटवत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची काळजी करणार! नोकरीत आयुष्यभर पूल बांधले, निवृत्तीनंतर हे खूळ. "अरे, भांडण कुणाचं? इंग्लंडचं आणि त्याच्या वसाहतींचं. घरातलं! फ्रान्सला काय पडलं होतं? जुना सूड! मागून स्पेन, मग डच. आणि फ्रेंचांशी जुंपली म्हणून इंग्रजांनी आपल्याकडचं त्यांचं माहे बंदर घेतलं, तसा हैदरअली भडकला. कुठे अमेरिका, कुठे म्हैसूर!" हे सांगताना आमची बिस्किटं म्हणजे आरमारं होत, आणि डच दरवेळी चहात बुडत. या अभ्यासापायी काका कुणाच्याच भांडणात पडत नसत. रविवारच्या बाजारात दोघी कोथिंबिरीच्या जुडीवरून हमरीतुमरीवर आल्या, तर मला दंडाला धरून त्यांनी थेट पार्किंगपर्यंत ओढत नेलं.

आणि यंदा बंड झालं ते नेमकं त्यांच्याच घरात. काकू गेल्यापासून काका एकटे. गणपतीत मात्र मुलगा, सून, नात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पापाकुऱ्याहून राहायला यायची आणि घर भरायचं. यंदा मुलाचा फोन आला, "बाबा, या वर्षी मी माझ्याकडे वेगळा गणपती बसवतोय." काका म्हणाले, "वसाहत फुटली." मी हसलो. ते हसले नाहीत.

मग काय विचारता! आमच्या हिने चुलतभावाला मोदकपात्र दिलं. काका कडाडले, "फ्रान्स उतरला!" सुनेच्या आईवडिलांनी पोरिरुआहून मखर पाठवलं, तो स्पेन. मुलाच्या शेजारच्या सामोअन बाईंनी टेबल दिलं, तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला. "बापलेकाच्या भांडणात त्या बिचारीलाही ओढलं रे!"

चतुर्थीला हिने मला काकांकडे धाडलं आणि स्वतः पापाकुऱ्याला गेली. काकांची पूजा आटोपते तोच मुलाचा फोन. "बाबा, प्राणप्रतिष्ठा मला जमत नाहीये हो." काकांनी फोन स्पीकरवर टाकला. मग ताठ बसून त्यांनी एकेक मंत्र सांगितला, चुकला तिथे पुन्हा म्हणून घेतला. शत्रूला एवढी रसद कुठल्याच राजाने पुरवली नसेल. शेवटी नातीने फोन घेतला. "आबा, कम ओव्हर ना! वी हॅव हीप्स ऑफ मोदक!"

"कसा येऊ गं राणी? गणपती बसला की घर रिकामं ठेवत नाहीत."

"मी बसतो इथे. तुम्ही जा," मी म्हटलं.

"नक्की?"

"अहो जा हो काका!"

खांद्यावरचं उपरणं सावरत ते तसेच भर पावसात स्टेशनकडे सुटले. छत्रीही नेली नाही.

मी गणपतीसमोर बसलो. टीव्ही लावला, बंद केला. उगाच चहा केला. फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नाही. एका दुपारीच ते घर मला खायला उठलं. काका तिथे वर्षभर राहतात.