आमच्या चार जणांची मीटिंग

मित्रांनो, आत्ताच प्रार्थनेवरून उठलो. घामानं ओला आहे, म्हणून चिडूनच लिहून राहिलो.

ईस्टर झाल्यापासून संध्याकाळची घरची प्रार्थना मी घेतो. मी, बायको, आई आणि आमची पोट्टी, बस. परवा शेजारच्या भैयांनी जिन्यात विचारलं, "रोज शाम को आपके यहाँ क्या मीटिंग होती है?"

कोणी धर्मांतराची मीटिंग समजून तक्रार करेल म्हणून तेव्हापासून बायको प्रार्थनेआधी सगळ्या खिडक्या लावते. रायपूरचा हा उन्हाळा, आणि खिडकी लावली की कूलर नुसती उमस करतो.

आज गीत सुरू केलं तर ती म्हणे, "अहो, हळू म्हणा ना." आईनं टाळ्या थांबवल्या. मले राग आला, पण काढू कोणावर?

मग बायबलमधलं वचन वाचलं. प्रभू मेलेल्यांतून उठला त्या संध्याकाळी शिष्य भीतीनं दारं लावून बसले होते.

पोट्टी खिडकीकडे पाहून म्हणाली, "पापा, उनसे भी किसी ने मीटिंग का पूछा था क्या?"

मी पुढची प्रार्थना कुजबुजतच संपवली.

त्या भैयांची आरती आमच्याकडे रोज ऐकू येते. पोट्टीला तर पाठ आहे. खरं सांगा, तुमच्याकडे आरतीच्या वेळी कोणी उठून खिडकी लावतं का?